दिवस भरलेत, पण कळा नाहीत

सदतिसावा आठवडा उलटला की गरोदर बाईभोवती उपायांची गर्दी होऊ लागते. मावशी सांगते, रात्री गरम दुधात चमचाभर साजूक तूप घाल, वाट मोकळी होते. शेजारच्या काकू म्हणतात, उकिडवी बसून फरशी पूस. कुणी खजूर आणून देते, कुणी अननस. तारीख उलटायला आली की गाडी शेवटी चहातून एरंडेल देण्यावर येऊन थांबते. या सगळ्याजणी मायेपोटीच बोलत असतात. नववा महिना असतोही तसा जड: पाय सुजलेले, कूस बदलायची तर हाताचा आधार, रात्रीतून चार वेळा लघवीला उठणे आणि सकाळी पहिल्याच फोनवर "अजून काही नाही का?" हा प्रश्न. कधी नवऱ्याची रजा संपत आलेली असते, कधी घरच्यांना अमावास्येच्या आत सुटका व्हायला हवी असते. लवकर मोकळे व्हावेसे वाटणे यात चुकीचे काहीच नाही. पण कळा आणण्याचे म्हणून जे घरगुती उपाय सांगितले जातात, त्यांची नीट छाननी केली तर त्यांचे दोनच गट पडतात. एका गटाने कळा येत नाहीत. दुसऱ्या गटाने थोडेफार काही घडते, आणि घडते म्हणूनच तो घरी, कुणाच्या देखरेखीविना करण्याजोगा नाही. कळा केव्हा सुरू होणार हे ठरते वेगळ्याच गोष्टीवर, आणि शेवटच्या तीन-चार आठवड्यांत लक्ष द्यायचे ते तिच्याकडे.

आधी तारखेचा हिशेब बघू, कारण अर्धी घाई तारखेच्या गैरसमजातून होते. "नऊ महिने नऊ दिवस" हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या म्हटले जाते. जर्मनीतल्या नेगेले नावाच्या प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने जो नियम आजही डॉक्टर वापरतात, तो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा असा आहे. म्हणजे २८० दिवस, ४० आठवडे. आपली म्हण आणि त्याचा नियम दोन दिवसांच्या अंतरावर उभे आहेत. पण ही तारीख म्हणजे आगगाडीची वेळ नव्हे. बरोबर त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. बाकीची दोन-तीन आठवडे आधीपासून ते दोन आठवडे नंतरपर्यंत केव्हाही येतात, आणि पहिलटकरणीचे बाळंतपण थोडे उशिराकडे झुकते. शिवाय पूर्ण दिवसांचे बाळ कशाला म्हणायचे याचीही व्याख्या आता काटेकोर झाली आहे. पूर्वी ३७ आठवडे झाले की "दिवस भरले" असे सरसकट म्हणत. २०१३ पासून अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने ३७ ते ३८ आठवडे हा काळ वेगळा काढला आणि ३९ व्या आठवड्यापासून पुढे पूर्ण दिवस मानायला सुरुवात केली. कारण सरळ आहे: फुप्फुसे, मेंदू, दूध ओढण्याची ताकद, अंगाची ऊब टिकवण्याची क्षमता हे सगळे या शेवटच्या दोन आठवड्यांतही पक्के होत असते. सदतिसाव्या आठवड्यात एरंडेल घेऊन कळा आल्याच तर बाळाचे हे दोन आठवडे कापले जातात.

तारखेच्या बाबतीत आपल्या चालीरीतीमुळे होणारी एक गडबड सांगायलाच हवी. पहिले बाळंतपण माहेरी. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सासरच्या गावी झालेली असते, आणि तिचा कागद तिथल्या कपाटात राहतो. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, नव्या डॉक्टरकडे नाव घालते, तिथे नवी सोनोग्राफी होते आणि तिच्यावर नवी तारीख छापून येते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारीख सांगताना पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. शेवटच्या तीन महिन्यांतली मात्र दोन-तीन आठवडेही इकडेतिकडे होऊ शकते, कारण तोवर प्रत्येक बाळाची चण वेगळी झालेली असते. मग घरात दोन तारखा फिरू लागतात आणि अलीकडची तारीख उलटली की धावपळ सुरू होते. प्रत्यक्षात उलटलेले काहीच नसते. उपाय शोधण्याआधी तो पहिला कागद शोधा. सासरी असेल तर फोटो काढून मागवून घ्या आणि फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. उशीर झाला, लवकर झाले, पाणी कमी, वजन कमी असे पुढचे सगळे निर्णय त्या एका तारखेवर उभे असतात.

आता कळांकडे येऊ. गर्भाशयाच्या तोंडाला आपण "पिशवीचे तोंड" म्हणतो. गरोदरपणात ते लांब, बंद आणि मागच्या बाजूला वळलेले असते, हाताला नाकाच्या शेंड्यासारखे कडक लागते. दिवस भरत येतात तसे ते ओठासारखे मऊ पडते, आखूड होत जाते, पुढे सरकते आणि किंचित उघडू लागते. यामागे त्या तोंडाच्या तंतूंमधला बदल, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये, ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जागांची गर्भाशयात होणारी वाढ आणि बाळाच्या स्वतःच्या शरीरातून येणारे इशारे असे सगळे असते. हे काम कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, आवाज न करता चालू असते. कळा हा त्याचा शेवटचा भाग. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरने १९६४ मध्ये या तयारीला गुण द्यायची पद्धत बसवली: तोंड किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ, कोणत्या दिशेला आणि बाळाचे डोके किती खाली. एकूण गुण १३. आठच्या वर गुण असतील तर कळा स्वतःहून येण्याची किंवा आणल्या तर नीट चालण्याची शक्यता चांगली, सहा किंवा कमी असतील तर तोंड अजून कच्चे. पुढच्या तपासणीला "तारीख केव्हा?" याऐवजी "तोंडाची तयारी किती आहे?" असे विचारा. उत्तर जास्त कामाचे मिळेल.

आता उपायांकडे. दूध-तुपाने वाट गुळगुळीत होते हे खरे नाही. अन्ननलिकेचा आणि प्रसूतिमार्गाचा काही संबंध नाही, आणि तूप पोटात पचते. पचत असेल तर चमचाभर तुपाने अपायही नाही, मात्र गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईने वजनाकडे बघावे. तिखट खाल्ल्याने छातीत जळजळ होते, कळा येत नाहीत. अननसातल्या ब्रोमेलेनचे नाव फार घेतले जाते, पण ते पचनातच बरेचसे मोडते आणि त्याने बाईला कळा आल्याचा भरवशाचा पुरावा नाही. पपईबद्दल मात्र भेद करायला हवा. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात पिकलेल्या पपईने काही झाले नाही, पण कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावले. म्हणजे आजीने गरोदर सुनेला कच्ची पपई वर्ज्य सांगितली ती उगाच नव्हे. मग तीच कच्ची पपई नवव्या महिन्यात औषध म्हणून कशी चालेल? नवरा-बायकोच्या संबंधांनी कळा येतात हेही सांगितले जाते, कारण वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असते. मलेशियात हजारावर बायकांना दोन गटांत विभागून हे तपासले गेले, तेव्हा कळा सुरू होण्यात फरक पडला नाही. वार खाली नसेल, अंगावर जात नसेल, पाणी गेले नसेल, तर संबंध ठेवायला हरकत नाही, पण ते इच्छेने. उपाय म्हणून बाईवर लादायला नकोत.

खजुराची गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण पुरावा कसा वाचायचा हे तिच्यातून कळते. जॉर्डनमध्ये तारखेच्या आधी चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ बायकांची तुलना न खाणाऱ्या ४५ जणींशी केली गेली. खजूर खाणाऱ्यांपैकी ९६ टक्के जणींना कळा स्वतःहून आल्या, न खाणाऱ्यांपैकी ७९ टक्के जणींना. २०११ मध्ये हे छापून आले आणि जगभर पसरले. पण कोणत्या बाईने कोणत्या गटात जायचे हे तिथे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते. ज्या बायका महिनाभर नेमाने खजूर खातात त्या इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. पुढे मलेशियात १५४ पहिलटकरणींना चिठ्ठीने दोन गटांत विभागून हेच पाहिले, तेव्हा कळा स्वतःहून येण्यात फरक दिसला नाही. सुरू झालेल्या कळांना औषधाने जोर देण्याची गरज मात्र खजूर खाणाऱ्यांत थोडी कमी लागली. तेव्हा साखर नियंत्रणात असेल तर खजूर खुशाल खा. चांगला खाऊ आहे तो, ताकद देतो. फक्त तो खाल्ला म्हणून अमक्या दिवशी कळा येतील असा हिशेब मांडू नका.

एरंडेलावर जास्त बोलायला हवे, कारण आपल्या घरांत ते सहज असते आणि त्याने खरोखरच काही घडते. एरंडेल पोटात गेले की त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटते. आतड्याचे स्नायू त्याने आवळतात, म्हणून जुलाब होतात. २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की हे आम्ल आतड्याच्या आणि गर्भाशयाच्याही स्नायूंवरच्या एकाच प्रकारच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) काम करते. म्हणजे जुनी समजूत निराधार नव्हती. पण माणसांवरचा पुरावा काय सांगतो? २०१३ पर्यंतच्या तीन चाचण्या, एकूण २३३ बायका, एकत्र करून पाहिल्या तेव्हा कळा येण्यात किंवा सिझर टळण्यात स्पष्ट फायदा दिसला नाही. एक गोष्ट मात्र दिसली, ती म्हणजे एरंडेल घेतलेल्या सगळ्याजणींना मळमळ झाली. नंतर इस्रायलमध्ये तारीख उलटलेल्या ८१ जणींवर चाचणी झाली. त्यात आधी बाळंत झालेल्या बायकांना फायदा दिसला, पहिलटकरणींना नाही. याचा अर्थ लावणे अवघड नाही. जिची वाट आधी एकदा उघडलेली आहे आणि जिचे तोंड तयार आहे, तिला हा धक्का पुरतो. जिचे तोंड कच्चे आहे तिला जुलाबच होतात.

ती रात्र कशी जाते हे नीट डोळ्यांसमोर आणा. जेवणानंतर कपभर चहात ते दाट, चिकट तेल ओतले जाते. चहावर थर तरंगतो, नाक दाबून ते एका घोटात संपवायचे. दोन-तीन तासांत पोटात मुरडा येतो. मग पहाटेपर्यंत संडासाच्या फेऱ्या, मधेच उलटी, तोंडाला कोरड. नऊ महिन्यांचे पोट घेऊन उकिडवे बसायचे आणि भिंतीला धरून उठायचे. मधूनमधून पोट कडक होते, पण कळ कुठली आणि मुरडा कुठला हे तिलाही सांगता येत नाही. सकाळी कळा आल्या नाहीत तर एक रात्र आणि अंगातले पाणी गेले. आल्या तर पहिलटकरणीपुढे अजून बारा-पंधरा तासांचे, कधी त्याहून जास्त कष्ट उभे असतात, आणि ती झोप न झालेली, पाणी कमी झालेली, रिकाम्या पोटाची अशी तिथे पोचते. कळा म्हणजे दमवणारे काम. ते काम सुरू व्हायच्या आदल्या रात्री कामगाराची ताकद काढून घ्यायची, असे होते हे. आणखी एक धोका बाळाचा. दक्षिण आफ्रिकेत १९८७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात घरगुती औषधे, त्यांत एरंडेलही, घेतलेल्या बायकांच्या बाळांनी पोटातच शी केल्याचे प्रमाण जास्त आढळले. ती शी बाळाच्या श्वासात गेली तर जन्मल्याबरोबर त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागू शकते.

स्तनाग्रे चोळणे या उपायाबद्दल आपल्याकडे मोठ्याने बोलत नाहीत, पण सगळ्या घरगुती उपायांत पुरावा सगळ्यात ठोस आहे तो याचाच. त्याने बाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, तेच जे दवाखान्यात सलाइनमधून देतात. सहा चाचण्यांतल्या ७१९ बायकांची माहिती एकत्र केली तेव्हा हे करणाऱ्यांपैकी ३७ टक्के जणी तीन दिवसांत कळांमध्ये होत्या, न करणाऱ्यांपैकी ६ टक्के. तोंड कच्चे असलेल्यांत मात्र काहीच फरक नव्हता. पुन्हा तेच, दार आधी आतून सैल झालेले हवे. आणि या पाहणीतला दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. जोखमीच्या गरोदरपणांवर झालेल्या एका चाचणीत बाळे दगावल्याचे प्रमाण चिंता वाटावी इतके होते, म्हणून पाहणी करणाऱ्यांनी अशा बायकांत हा उपाय वापरू नये असे बजावले. कळ येते तेव्हा गर्भाशय आवळते आणि वारेकडे जाणारे रक्त थोडा वेळ कमी होते. दोन कळांच्या मधे ते सैल पडते आणि बाळ श्वास घेतल्यासारखे सावरते. कळा एकापाठोपाठ, मधे सवड न देता येऊ लागल्या की बाळाला सावरायला वेळ मिळत नाही. दवाखान्यात ठोके ऐकणारे कुणीतरी असते आणि सलाइन बंद करता येते. चोळणे थांबवता येते हे खरे, पण बंद खोलीत ठोके कोण ऐकणार? आणि पोटात गेलेले एरंडेल किंवा काढा तर परत काढताच येत नाही.

मापाचाही प्रश्न आहे. कळा आणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मिसोप्रोस्टॉलची मात्रा तोंडाने दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम आहे. बाजारात सर्रास मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे औषधाचा एक घोट गोळीच्या आठव्या भागाएवढा. इतकी बारीक मोजणी लागते, कारण जरा जास्त झाले की गर्भाशय सोडतच नाही. कुणी ओळखीतून ही गोळी आणून देत असेल किंवा घरी येऊन "कळांची सुई" टोचणारा कुणी असेल, तर त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवा. घरगुती उपायांच्या यादीत याला जागा नाही. मग सुंठ, ओवा, मिरी उकळून केलेल्या काढ्यात किंवा गावातल्या कुणी दिलेल्या मुळीत नेमके काय, किती आहे, ते कुणी मोजले? आधी सिझर झालेल्या बाईच्या गर्भाशयावर शिवण असते. एरंडेल घेतल्यानंतर अशी शिवण फाटल्याची घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे. आधीचे सिझर, खाली असलेली वार, आडवे किंवा पायाळू बाळ, जुळी, वाढलेला रक्तदाब, वाढ खुंटलेले बाळ: यांपैकी एकही गोष्ट असेल तर कोणताही उपाय, अगदी निरुपद्रवी वाटणाराही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

तरीही "मी एरंडेल घेतले आणि दुसऱ्या दिवशी बाळ झाले" असे सांगणाऱ्या बायका प्रत्येक आळीत सापडतात, आणि त्या खोटे बोलत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ती अशी. एरंडेल सहसा केव्हा घेतात? तारीख उलटल्यावर. तेव्हा बहुतेकींचे तोंड पिकत आलेले असते आणि काही न करताही पुढच्या काही दिवसांत त्यांचे बाळंतपण होणारच असते. त्या दिवसांत काय खाल्ले, काय प्यायले, कोणत्या देवाला नारळ ठेवला, त्याला श्रेय जाते. ज्यांना काही झाले नाही त्या विसरून जातात. आणि "आमच्या आजीने हेच केले, तिला काही झाले नाही" या वाक्यातही एक जागा रिकामी आहे: ज्या बाळंतपणात दगावल्या त्यांना आजी होऊन सांगायला मिळालेच नाही.

परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी मुळात परंपरा काय सांगते हेही बघावे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवव्या महिन्यासाठी औषधी तेलाची अनुवासन बस्ती आणि तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला बोळा, सांगितला आहे. तो वात मार्गी लागावा आणि प्रसूती सुखाने व्हावी म्हणून. ठरलेल्या दिवशी कळा आणण्याचा तो प्रयोग नव्हे. प्रसूतीचा काळ म्हणूनही चरकात एक दिवस नाही, नवव्यापासून दहाव्या महिन्यापर्यंतचा पट्टा आहे. त्याहून लक्षवेधी भाग पुढे येतो. वेणा लागूनही प्रसूती होत नसेल तर बाईला उठवून उखळात मुसळाने धान्य कांडायला लावावे, असे काहींचे मत तिथे मांडले आहे, आणि संहितेतले गुरू भगवान आत्रेय यांनी ते स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. गर्भिणीने कठोर श्रम टाळायचे असतात आणि प्रसूतीच्या वेळी तर विशेषच, मुसळाच्या श्रमाने तिच्या प्राणावर बेतू शकते, असे ते म्हणतात. चालणे मात्र ते राहू देतात. वेणा नसताना जोर लावू नये, तो व्यर्थ जातो आणि बाळाला बाधतो, हेही तिथेच आहे. आजच्या घरात उखळ-मुसळ नाही, पण दोन खोल्यांची फरशी उकिडवे बसून पुसायला लावणे आणि चार मजले चढ-उतार करायला लावणे हे त्याच मताचे वंशज आहेत. संध्याकाळी सावकाश अर्धा तास चालायला आत्रेयांचीही हरकत नाही आणि आजच्या प्रसूतितज्ज्ञांचीही.

सगळ्यात वजनदार आक्षेप सिझरचा आहे, आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. हा फरक बघून "तारीख उलटली की डॉक्टर कापणार, त्यापेक्षा आधीच घरी कळा आणू" असे कुणाला वाटले तर त्यात वेडेपणा नाही. पण हा मार्ग तिथे पोचत नाही. कच्च्या तोंडावर जबरदस्तीने आणलेल्या, अर्धवट थांबलेल्या कळा, दमलेली बाई आणि पाण्यात बाळाची शी, ही सगळी सिझरकडे नेणारी कारणे आहेत. सिझरची शक्यता खरोखर कमी करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या मागता येतात. कळांच्या पूर्ण वेळात एक ओळखीची, धीर देणारी बाई सतत सोबत असेल तर सिझर कमी होतात, हे १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचण्यांतून दिसले आहे. तेव्हा नाव घालतानाच विचारा की कळांच्या खोलीत आईला किंवा बहिणीला सोबत राहू देता का. कळा चालू असताना उठून चालू देता का, हे विचारा. तारीख जवळ आली आणि तोंड थोडे उघडलेले असेल तर आतून तपासताना बोटाने पाणमोट गर्भाशयाच्या भिंतीपासून सोडवता येते. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत, थोडे दुखते, थोडे रक्त दिसते, पण ४४ अभ्यासांतल्या जवळपास सात हजार बायकांच्या माहितीनुसार त्याने कळा स्वतःहून येण्याचे प्रमाण वाढते आणि औषधाने कळा आणण्याची वेळ कमी वेळा येते. कळा आणण्याचा "साधा उपाय" हवाच असेल तर तो हा आहे, आणि तो डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्सच्या हातांनी होतो. दवाखान्यात रीतसर कळा आणल्या म्हणजे सिझर ठरलेले, हेही खरे नाही. अमेरिकेत जोखीम नसलेल्या सहा हजारांवर पहिलटकरणींच्या चाचणीत ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के झाले, वाट बघणाऱ्यांत २२.२ टक्के. आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्यात तसेच घडेल असे नाही, पण भीतीचा पाया तरी त्याने हलतो.

उलट्या बाजूने काही जण म्हणतील, मग काहीच करू नका, बाळ येईल तेव्हा येईल. तेही बरोबर नाही. वाट बघण्यालाही हद्द आहे. स्वीडनमध्ये २,७६० बायकांपैकी काहींना ४१ आठवड्यांना कळा आणल्या आणि काहींना ४२ पर्यंत थांबू दिले. थांबलेल्यांच्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी त्यामुळे ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली. म्हणून ४१ आठवडे पूर्ण झाले की दवाखान्यात कळा आणण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देते. घरी एकामागून एक उपाय करून बघण्यात हा आठवडा निघून जाणे, हे एरंडेलाइतकेच धोक्याचे आहे. चाळिसावा आठवडा पुरा होताच डॉक्टरांकडे जा आणि पुढच्या सात दिवसांचा बेत विचारून घ्या: तपासण्या कोणत्या दिवशी, कोणत्या दिवसापर्यंत थांबायचे, कळा आणायच्या तर कशाने, तेव्हा ठोके कोण आणि किती वेळाने ऐकणार. खर्च हे उशिराचे कारण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधे आणि ने-आण मोफत आहे. आशाताई याची माहिती देतात. गाडी आधी ठरलेली नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा.

तोवर घरी करायचे काम एकच, आणि ते कुठल्याही काढ्याहून मोलाचे आहे: बाळाची हालचाल ओळखत राहणे. रोज साधारण त्याच वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवायला हवी. बहुतेकींना त्याहून खूप आधी जाणवते. "शेवटी शेवटी बाळाला जागा नसते, म्हणून ते कमी हलते" असे सांगितले जाते, ते चूक आहे. लाथेची तऱ्हा बदलते, वळवळ आणि लोळण जास्त जाणवते, पण हालचाल कमी होत नाही. कमी वाटली तर गोड खाऊन उद्या बघू असे करू नका, त्याच रात्री जा. पाणी गेले आणि ते हिरवट किंवा काळसर असेल, रक्त जात असेल, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर कळांची वाट न बघता निघा. खऱ्या कळा अशा ओळखा: पाठीतून पुढे येतात, चालले किंवा पडले तरी थांबत नाहीत, मधले अंतर घड्याळात बघितले तर कमी होत जाते. दर पाच मिनिटांनी एक, असे तासभर चालले की निघायची वेळ झाली. दुसरे-तिसरे बाळंतपण असेल किंवा दवाखाना घाटापलीकडे असेल तर त्याआधीच.

आणि एरंडेल किंवा काढा घेतलाच असेल, सासूबाईंच्या हातून असो की स्वतःच्या इच्छेने, तर लपवू नका. मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पीत राहा, बाळ हलते आहे का बघा आणि लगेच दवाखान्यात जा. बरोबर आलेल्या माणसाने आत शिरताच सांगावे: काय घेतले, साधारण किती चमचे, किती वाजता, त्यानंतर किती जुलाब झाले, आधी सिझर आहे की नाही. नर्स केसपेपरवर लिहून घेईल आणि ठोके ऐकायला घेईल. त्या चार वाक्यांनी आतल्या माणसांचे पुढचे सगळे हिशेब बदलतात, म्हणून रागावतील या भीतीने ती गिळू नका.